'26 पिढ्यांची वाईन' म्हणजे नक्की काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरअखेर घरची सहा मोठी माणसं इटलीला चालली आहेत. सासऱ्यांची पंचाहत्तरी तिथेच करायची आहे, त्यासाठी 'खऱ्या घरगुती मळ्याची' बाटली हवी आहे आणि जमलं तर असा एखादा मळाही बघायचा आहे. शोधायला बसलात तर कुठे '1385 पासून, 26 पिढ्या', कुठे '30 पिढ्या', कुठे थेट '1141' लिहिलेलं दिसतंय. हे खरं मानायचं की जाहिरात? 600 वर्षं एकाच घरात धंदा टिकतो तरी कसा? आणि यातली खरी परंपरा कुठली?

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग. तिथेच वाढले, मग नाशिकला वायनरीत कामाला लागले आणि नंतर इटलीत पाच तोडण्या केल्या: तीन वायव्येकडच्या पिएमाँतेमधल्या लांगे डोंगरांत, दोन तोस्कानात, म्हणजे टस्कनीत. गेली बरीच वर्षं आयात करणाऱ्यांसाठी छोटे मळे निवडून द्यायचं काम करते. म्हणजे दरवर्षी लोकांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांच्या आजोबांच्या गोष्टी ऐकणं हाच माझा व्यवसाय आहे, आणि त्यातली कुठली गोष्ट बाटलीत उतरली आहे हे ओळखणं हेही.

तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. वर्ष खोटं आहे का, असं तुम्ही विचारताय. बहुतेक वेळा ते खरंच असतं. विचारायला हवं ते हे, की ते वर्ष *कशाचं* आहे: घराण्याचं, जमिनीचं, की वाईनचं. या तिन्ही तारखांमध्ये कधी कधी पाच-पाचशे वर्षांचं अंतर असतं.

1385 चंच घ्या. हे फ्लोरेन्सच्या आंतिनोरी घराण्याचं वर्ष. त्या वर्षी जोव्हान्नी दी पिएरो आंतिनोरी हा तिथल्या वाईनवाल्यांच्या श्रेणीत, म्हणजे व्यापारी संघात, दाखल झाला. तारीख पक्की आहे. पण ही एका शहरी व्यापाऱ्याने संघात नाव नोंदवल्याची तारीख आहे. पुढे कित्येक पिढ्या घराण्याची ओळख रेशीम आणि सावकारी यांच्यावर होती. शेतावर वाईन होत असे आणि ती शहरातल्या वाड्यातून विकली जात असे. फ्लोरेन्समध्ये फिरताना जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतीत, कमरेच्या उंचीवर, देवळीएवढी कमानदार खिडकी दिसेल. अशा शंभराहून जास्त आहेत. घरच्या मळ्याची वाईन या भोकातून थेट रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला विकायची, मधे दुकानदार नाही. 1630 च्या प्लेगमध्ये शिवाशिव टाळायला त्यांचाच उपयोग झाला आणि 2020 च्या साथीत त्यातल्या काही पुन्हा उघडल्या. आंतिनोरींच्या वाड्यालाही अशी खिडकी आहे. सासऱ्यांना ती जरूर दाखवा. घरगुती वाईनचा धंदा म्हणजे काय, हे त्या एका भोकातून जितकं कळतं तितकं कुठल्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

पण आज लोक या घराण्याची जी वाईन मिरवतात तिचं वर्ष 1971 आहे. तेव्हा किआंती या तोस्कानातल्या भागाच्या वाईनसाठी असलेल्या सरकारी नियमानुसार लाल वाईनमध्ये 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं होतं. पिएरो आंतिनोरी आणि त्यांचे वाईनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांनी तिन्यानेल्लो ही वाईन छोट्या फ्रेंच पिंपांत मुरवली, काही वर्षांत पांढरी द्राक्षं पूर्ण वगळली आणि किआंती हे नाव सोडून साध्या 'टेबल वाईन' या सर्वांत खालच्या दर्जाखाली विकली. सहा शतकांचा वारसा सांगणाऱ्या घरानेच परंपरा मोडली आणि तीच आता परंपरा झाली. त्यानंतर 1980 च्या दशकात भावंडांनी हिस्से काढल्यावर कंपनीचा मोठा भाग एका ब्रिटिश कंपनीकडे गेला होता. तो 1991 मध्ये परत घेतला. आज कारभार पिएरोंच्या तीन मुली बघतात. म्हणून '26 पिढ्या' हे खरं आहे, फक्त ती सरळ रेघ नाही.

पांढऱ्या द्राक्षांची ती सक्ती आली कुठून, हेही सांगायला हवं. किआंतीत ब्रोलिओचा किल्ला आहे. तो 1141 पासून रिकासोली घराण्याकडे आहे आणि तुम्ही पाहिलेलं '1141' बहुधा तेच. त्या घराण्यातले बेत्तिनो रिकासोली एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान. त्यांनी 1872 मध्ये पिसाच्या एका प्राध्यापकाला पत्र लिहून आपल्या अनेक वर्षांच्या प्रयोगांचं सार कळवलं: मुख्य सांजोवेझे हे लाल द्राक्ष, नरमपणासाठी थोडं कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाईनमध्ये थोडं माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष. मुरवायच्या वाईनमध्ये माल्वाझिया नसलं तरी चालेल, असंही त्यांनी लिहिलं होतं. 1967 च्या नियमात हा शेवटचा भाग गळला आणि पांढरं द्राक्ष सगळ्यांच्याच गळ्यात पडलं. याच घराण्याने 1970 च्या दशकात धंदा एका बहुराष्ट्रीय दारू कंपनीला विकला, तिथून तो एका ऑस्ट्रेलियन कंपनीकडे गेला आणि 1993 मध्ये फ्रांचेस्को रिकासोली यांनी तो परत मिळवला. किल्ला मात्र कायम घरातच राहिला. म्हणजे '1141' खरं, आणि मधली वीसेक वर्षं वाईन परक्यांच्या हातात होती हेही खरं.

हा झाला दरवाज्याच्या पुढचा इतिहास. मागच्या अंगणाचा वेगळा आहे, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा.

या मोठ्या घराण्यांच्या जमिनी कसत कोण होतं? तोस्कानात मध्ययुगापासून 'मेद्झाद्रिया' नावाची पद्धत होती. आपल्या शब्दांत अर्धेली. मालकाची जमीन, घर, बी-बियाण्याचा वाटा. कसणाऱ्या कुटुंबाची मेहनत. पिकाचे दोन भाग. करार एका माणसाशी नसे, पूर्ण कुटुंबाशी असे. घरातला कर्ता पुरुष तो 'कापोच्या', घर आणि कोंबड्या सांभाळणारी बाई ती 'मास्साया'. पोराचं लग्न करायचं तरी मालकाच्या कारभाऱ्याची परवानगी लागे, कारण एक तोंड वाढणार की दोन हात वाढणार याचा हिशेब कारभारी करे.

सिएनाजवळच्या एका मळ्यावर मी तोडणीला होते तेव्हा तिथल्या आजींनी मला टेबलाच्या खणातून एक वही काढून दाखवली. तळहाताएवढी, कोपरे गोल झालेली, पुठ्ठ्यावर तेलाचा डाग. अर्धेलीच्या कुळाकडे राहणारी ही हिशेबवही, 'लिब्रेत्तो कोलोनिको'. डावीकडे देणं, उजवीकडे येणं. गहू, तेल, वाईन, वासराचे पैसे. आणि मधेच मालकाला पोचवायची अंडी आणि नाताळचे खस्सी कोंबडे. प्रत्येक ओळीपुढे कारभाऱ्याची आद्याक्षरं. आजींच्या सासऱ्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून वहीत त्यांच्या हातचं एकही अक्षर नाही. आजींनी एका ओळीवर बोट ठेवलं: त्या वर्षी गारपीट झाली आणि खातं उणं गेलं. ते फिटायला पाच वर्षं लागली. आज त्याच मळ्याच्या बाटलीवर आजींच्या कुटुंबाचं आडनाव आहे. तिथे 1385 सारखं कुठलंच वर्ष नाही, पण त्याच उतारावर त्यांच्या किती पिढ्या राबल्या हे कोणी मोजलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांचा वाटा आधी 53 टक्के झाला. 1964 च्या कायद्याने तो 58 टक्क्यांवर नेला आणि नवे करार करायला बंदी घातली. 1982 मध्ये उरलेल्या करारांचं साध्या खंडात रूपांतर करण्याचा कायदा झाला. पण तोवर लोक निघून गेले होते. तरुण पोरं फ्लोरेन्स आणि प्रातोच्या कारखान्यांत गेली, दगडी घरं ओस पडली, जमिनी मातीमोल झाल्या. मिलान-रोमच्या आणि परदेशातल्या लोकांनी त्या विकत घेतल्या. किआंतीतले आजचे कितीतरी 'घरगुती' मळे 1960-70 च्या दशकांतल्या या खरेदीतून आलेले आहेत. फोटोत दिसणाऱ्या त्या सरळ ओळींच्या बागाही त्याच काळातल्या. त्याआधी वेल मेपलच्या झाडांवर चढवलेले असत, मधल्या पट्ट्यात गहू, बांधाला ऑलिव्ह. नुसती द्राक्षाची बाग असा प्रकार फार कमी होता.

म्हणून किआंतीत कोणी मला 'आम्ही दुसरी पिढी' म्हणालं तर मी खुर्ची पुढे ओढून ऐकते. दुसरी पिढी म्हणजे ज्यांनी जमीन घेतली ते वडील अजून जिवंत असण्याची शक्यता, आणि निर्णय का घेतला हे सांगणारा माणूस समोर.

पिएमाँते मात्र वेगळं. बारोलो ही वाईन जिथे होते त्या 11 गावांत आणि शेजारच्या बार्बारेस्कोत बडे सरदार कमी, छोटे मालक जास्त. प्रत्येकाचे दोन-चार तुकडे, ते टेकडीच्या वेगवेगळ्या अंगांना. वेल वाळुंजाच्या ओल्या फोकाने बांधायचे, तेही अजून काही ठिकाणी आजोबाच करतात, कारण ती गाठ तरुणांना पटकन जमत नाही. या लोकांकडे जमीन होती, पण बाटली नव्हती. द्राक्षं गाडीत भरून आल्बाच्या चौकात न्यायची आणि दलालाची वाट बघायची. दलाल मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबत, कारण तोडलेलं द्राक्ष थांबत नाही. अंधार पडला की भाव पडे. पिकाचा भाव दुसऱ्याच्या हातात असणं काय असतं, हे आमच्या दिंडोरीत मला कोणी शिकवावं लागलं नाही.

या सापळ्यातून सुटायचे दोन मार्ग निघाले. 1958 मध्ये बार्बारेस्कोच्या पाद्र्याने, डॉन फियोरीनो मारेंगो यांनी, 19 शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी संस्था काढली. पहिल्या काही तोडण्यांची वाईन चर्चच्या तळघरात झाली. ती संस्था आजही आहे आणि तिच्या वाईन माझ्या मते इटलीतल्या सर्वांत प्रामाणिक किमतीच्या आहेत. तुम्ही 'घरगुती मळा' शोधताना सहकारी संस्था वगळाल, म्हणून मुद्दाम सांगते: ही पन्नासेक कुटुंबंच आहेत, फक्त बाटलीवर आडनाव कोणाचंच नाही.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतः बाटली भरणं. तो बहुतेकांनी 1960 नंतर, काहींनी तर 1980 नंतर धरला. 1986 मध्ये स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने इटलीत 20 हून अधिक माणसं गेली. त्या धक्क्यानंतर गिऱ्हाईक आडनाव असलेली, माणूस माहीत असलेली बाटली शोधू लागलं. छोट्या घरांना नाव कमावायला जागा मिळाली ती अशी, दुसऱ्यांच्या दुःखातून.

आणि मग घराघरांत पिढ्यांची भांडणं झाली. ला मोर्रा गावच्या एलिओ आल्तारे यांनी फ्रान्समधलं बर्गंडी बघून आल्यावर वडिलांची जुनी मोठी पिंपं चेन-सॉने कापून काढली. वडिलांनी त्यांना वारसातून बाहेर काढलं आणि समेट न होताच ते गेले. बार्बारेस्कोच्या आन्जेलो गाया यांनी 1978 मध्ये नेब्बिओलो या तिथल्या उत्तम द्राक्षाच्या जागी काबेर्ने हे फ्रेंच द्राक्ष लावलं. वडील तिथून जाताना पुटपुटत, 'दार्माजी', म्हणजे 'काय ही नासाडी!' वाईनचं नाव तेच पडलं. बारोलो करणाऱ्या जाकोमो कॉन्तेर्नो यांच्या दोन मुलांपैकी आल्दो 1969 मध्ये वेगळे झाले, जोव्हान्नी मोंफोर्तीनो या घरच्या वाईनपाशी राहिले. दोन्ही घरं आज नावाजलेली आहेत. म्हणून दुकानात 'कॉन्तेर्नो' किंवा 'मास्कारेल्लो' एवढंच आडनाव बघून बाटली उचलू नका. पहिलं नाव वाचा. एकाच आडनावाची तीन घरं आणि तीन वेगळे स्वभाव असतात.

आता टिकतं कसं, या प्रश्नाकडे येते. यात जमीन, कायदा आणि माणसं तिन्ही आहेत, आणि प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असतं. कायद्याचं मात्र सर्वांना सारखं. मोठ्या मुलालाच सगळं, असे जुने बंध 19 व्या शतकात मोडले. आजच्या कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो. मागे जोडीदार आणि दोन किंवा जास्त मुलं असतील, तर मृत्युपत्राने मनासारखा देता येणारा भाग फक्त एक चतुर्थांश. बारोलोत चांगल्या जागी हेक्टरला दहा लाख युरोंच्या वर भाव जातो. समजा चार भावंडांतली एकच बाग कसणार आहे. तिने इतर तिघांना हिस्सा द्यायचा कुठून? बाटल्या विकून तर तो निघत नाही. 2006 मध्ये 'कौटुंबिक करार' नावाची सोय आली: मालक हयात असतानाच धंदा एका वारसाकडे देऊ शकतो, बाकीच्यांना भरपाई ठरवून. मी बघितलेल्या टिकलेल्या घरांत हे बोलणं वडील धडधाकट असताना झालेलं होतं. मोडलेल्या घरांत ते दवाखान्यात झालं, नाहीतर झालंच नाही. आमच्या घरी बाग न बोलता भावाकडे गेली. म्हणून हा भाग मी जरा जास्त कान देऊन ऐकते.

लेकी-सुनांचा हात तर जवळजवळ प्रत्येक जुन्या घराण्यात आहे, फक्त बाटलीवर तो दिसत नाही. किआंतीतला फोंतेरुतोलीचा मळा मात्सेई घराण्याकडे 1435 मध्ये एका लग्नातून आला. तोस्कानाच्या किनाऱ्याकडच्या बोल्गेरीची जगप्रसिद्ध सास्सिकाया वाईन ज्या जमिनीवर झाली ती जमीन मारिओ इन्चिझा यांच्या पत्नी क्लारिचे देल्ला गेरार्देस्का यांच्या माहेरची. क्लारिचे यांची बहीण कार्लोत्ता आंतिनोरींच्या घरी दिली होती, तिच्याकडून शेजारची जमीन त्या घराण्यात आली. सास्सिकाया तर 1968 च्या तोडणीपर्यंत घरात आणि मित्रमंडळीतच प्यायली जात होती.

उलट उदाहरणही सांगायला हवं. तोस्कानातल्या मोंतालचिनोच्या बिओंदी-सांती घराण्याने 1888 च्या रिझेर्व्हापासून, म्हणजे जास्त मुरवलेल्या खास वाईनपासून, ब्रुनेल्लो या वाईनला नाव मिळवून दिलं. त्या सालच्या मोजक्या बाटल्या अजून जपलेल्या आहेत. 2016 च्या अखेरीस मळ्याची बहुसंख्य मालकी एका फ्रेंच कुटुंबाच्या समूहाकडे गेली. वाईन अजूनही फार सुंदर आहे आणि मी ती आनंदाने सुचवेन. पण 'घरगुती' या कसोटीवर घेत असाल तर हे माहीत असलेलं बरं.

वेरोनाजवळ वालपोलिचेल्लामध्ये मला फार आवडणारं एक मधलं उदाहरण आहे. कवी दान्तेचा मुलगा पिएत्रो याने 1353 मध्ये तिथे मळा विकत घेतला आणि तो आजही वंशजांकडे, सेरेगो आलिगिएरी घराण्याकडे आहे. पण 1973 पासून वाईनची बाजू मासी ही दुसऱ्या कुटुंबाची कंपनी त्यांच्याबरोबर सांभाळते. जमीन एका घराची, हात दुसऱ्या घराचे. यात कमीपणा काही नाही. 650 वर्षं टिकायचं तर कधीतरी दुसऱ्याचा हात धरावा लागतो.

परंपरेबद्दलही तुम्ही विचारलं आहे. खरी परंपरा बैठकीच्या खोलीत टांगलेल्या वंशावळीत कमी आणि माळ्यावर जास्त सापडते. तोस्कानात घराचा माळा बघायला मागा. तिथे विन सांतो मुरते. तोडणीतले निवडक घड वेताच्या ताट्यांवर पसरून किंवा आढ्याला टांगून हिवाळ्यापर्यंत सुकवतात, बेदाणा होण्याच्या जरा अलीकडे थांबवतात. मग पिळून दाट रस 'कारातेल्ली' नावाच्या छोट्या पिंपांत भरतात. पिंपाच्या तळाशी आधीच्या वाईनचा गाळ मुद्दाम ठेवलेला असतो, त्याला 'माद्रे', आई, म्हणतात. आपल्या विरजणासारखंच. मग तोंड पक्कं बंद करून तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ कौलांखाली, उन्हाळ्याच्या भट्टीत आणि हिवाळ्याच्या गारठ्यात, सोडून देतात. मधे उघडून बघायचं नाही. मी एकदा असं पिंप उघडताना तिथे होते. बूच काढल्यावर आधी अक्रोड, मग जळत आलेल्या गुळाच्या पाकाचा वास आला. पिंप भरलं होतं त्याच्या निम्म्याच्या जरा वर उरलं होतं. घरातल्या बाई एवढंच म्हणाल्या, की हे धाकटीच्या जन्माच्या वर्षीचं, ती आता शाळेत जाते.

लांगेत 'दामिजाना' बघा, म्हणजे 54 लिटरची बुट्टीत बसवलेली काचेची बरणी. बाटलीबंद वाईन परगावच्यांसाठी. गावातली माणसं आपापली दामिजाना भरून नेतात आणि घरी बाटल्या भरतात, तेही कृष्णपक्षात, शक्यतो मार्चमध्ये. शास्त्र काय म्हणतं ते बाजूला ठेवा, कृष्णपक्ष चुकवलेलं घर मी पाहिलेलं नाही. तोडणी संपली की उरलेला रस फळांसोबत, अंजिरासोबत, हेझलनटसोबत तासन् तास आटवून 'कुन्या' करतात आणि ती चीजबरोबर खातात. पातेल्याजवळ जो उभा असेल त्याने ढवळायचं, असा नियम. माझ्याकडे तो पळा तीन हंगाम आला.

आता कामाच्या गोष्टी, भराभर.

लेबलवर 'अझियेंदा आग्रीकोला', 'तेनुता', 'फात्तोरिया', 'पोदेरे' यांपैकी शब्द असेल तर नियमानुसार द्राक्षं पूर्णपणे त्याच मळ्याची आणि वाईनही तिथेच झालेली असायला हवी. 'काझा विनीकोला' असेल तर द्राक्षं किंवा वाईन विकत घेतलेली असू शकते. ती वाईट असते असं नाही, पण तुमची कसोटी वेगळी आहे. 'इम्बोत्तिल्यातो आल्लोरीजिने' म्हणजे उगमाच्या जागीच बाटलीत भरलेली. बुचावरच्या टोपणावर डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाचं चिन्ह दिसलं तर ती 2008 मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र वाईन-शेतकऱ्यांच्या संघटनेची, फिवीची, खूण. सदस्य स्वतःची द्राक्षं स्वतः पिकवतात, वाईन करतात आणि बाटलीत भरतात. तुमच्यासाठी ही सर्वांत सोपी खूण आहे. यातलं काहीही चव चांगली असल्याची हमी देत नाही, हे लक्षात असू द्या.

मळ्यावर गेल्यावर 'किती पिढ्या?' हे विचारू नका, ते भिंतीवर लिहिलेलं असतं. विचारा: स्वतः बाटली भरायला कोणत्या साली लागलात, आणि त्याआधी द्राक्षं कोणाला विकत होता? छाटणी कोण करतं? पुढे कोण बघणार? या तीन उत्तरांत ते घर तुम्हाला कळेल. शेवटच्या प्रश्नावर कधी कधी शांतता पसरते. मग विषय बदला.

सप्टेंबरअखेर हा काळ अवघड आहे. तोस्कानात सांजोवेझेची तोडणी भरात असते, बारोलोत नेब्बिओलो बहुधा ऑक्टोबरमध्ये येतं. छोट्या घरात वाईन दाखवणारी व्यक्ती आणि ट्रॅक्टर चालवणारी व्यक्ती एकच असते. किमान महिनाभर आधी मेल करा, किती जण येणार, वडिलांची पंचाहत्तरी आहे, हे दोन ओळींत लिहा. दिवसाला एकच मळा ठेवा. मोठ्या घराण्यांची केंद्रं रोज पाहुणे घेतात, तिथे अडचण येणार नाही, फक्त घरचं माणूस भेटेलच असं नाही. चव घेऊन काहीच न घेता निघणं छोट्या घरात बरं दिसत नाही, दोन बाटल्या घ्या.

सासऱ्यांच्या जन्मवर्षाची बाटली शोधण्याच्या फंदात पडू नका, असंच मी सांगेन. इतक्या जुन्या बाटल्या नीट राखलेल्या असतील याची खात्री नसते, नकलाही फिरतात, आणि एवढे पैसे घालून व्हिनेगर निघालं तर मेजवानीचा विरस होतो. ज्या मळ्यावर तुम्ही जाल तिथलीच दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एखादी रिझेर्व्हा मागा. छोट्या घरांत अशा थोड्या ठेवलेल्या असतात आणि वाढदिवसाचं कळलं की मालक स्वतः तळघरात जातो. तीच रात्री उघडा. घरी न्यायला भारतात प्रत्येक मोठ्या माणसामागे दोन लिटर करमुक्त, म्हणजे दोन बाटल्या. सहा जणांच्या बारा.

आणि जाताना इथून बेदाणे न्या, चांगले, लांब मण्यांचे. मी दरवर्षी तासगावचे नेते. आल्बाजवळच्या एका घरात आजोबांनी एक बेदाणा चष्म्यासमोर धरून उलटसुलट पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की उन्हात सुकवता की सावलीत. सावलीत, शेडमध्ये, जाळीवर, असं मी सांगितलं. ते उठले, मला हाताला धरून जिन्याने वर घेऊन गेले आणि स्वतःच्या ताट्या दाखवल्या. घरच्यांनी नंतर सांगितलं की माळ्यावर ते सहसा पाहुण्यांना नेत नाहीत.